चर्चच्या पडक्या भिंतीही किल्ल्यातच येतात : दुर्गसंवर्धन मंडळांना खुले पत्र

सह्याद्रीत आणि कोकणात दुर्गसंवर्धनाचं काम करणारी मंडळं, ट्रेक ग्रुप आणि त्यांचे मोहीमप्रमुख यांना,

सप्रेम नमस्कार.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले आणि दुर्गप्रेमाला भरती आली. वसई त्या बारांत नाही. तरी लाट आमच्याकडेही पोचली. हिवाळ्यातल्या रविवारी पुण्याच्या, नाशिकच्या, डोंबिवलीच्या बसगाड्या भुईदरवाज्याजवळ लागलेल्या असतात. एकसारखे टीशर्ट घातलेली पोरं उतरतात, घोषणा होतात आणि मोहीमप्रमुख पुढे होऊन माहिती सांगायला लागतो. मी याच गावचा, किल्ल्यात रोज फेरी मारणारा. त्यामुळे ही माहिती न मागताही कानावर पडते. बरेचदा चांगली असते, हे आधी सांगून टाकतो. वसईच्या मोहिमेसाठी पेशव्यांकडे गेलेल्या गंगाजी नाईक अणजूरकरांचं नाव घेणारी पोरं आता भेटतात, पूर्वी भेटत नसत.

माझी तक्रार तुमच्या वाटेबद्दल आहे. दरवाजा, मारुतीचं देऊळ, चिमाजीअप्पांचा पुतळा, नागेश्वर, वज्रेश्वरी, मग बंदराकडचा दरवाजा, जमलंच तर एखादा बुरुज, आणि परत. वाटेत उजवीकडे-डावीकडे चार-चार पुरुष उंचीच्या भिंती उभ्या आहेत, कमानी आहेत, एक अख्खा मनोरा आहे. त्याबद्दल एवढंच सांगितलं जातं : "हे पोर्तुगीजांचं चर्च. फोटो काढून घ्या, पाच मिनिटं." पाच मिनिटांनी शिट्टी वाजते.

वाडा दाखवायला न्यायचं आणि माजघर, देवघर वगळून नुसता दिंडीदरवाजा आणि तबेला दाखवून परत आणायचं, तसं हे होतं. वसईचा किल्ला राजगड-तोरण्यासारखा नाही. तटाच्या आत पोर्तुगीजांनी दोनशे वर्षं शहर वसवलं होतं. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने वसई त्यांना तोडून दिली. त्यानंतर इथे कोठ्या, हवेल्या, इस्पितळ, कॉलेज, तुरुंग, सगळं झालं. पण शहराचा पैसा आणि कसब ओतलं गेलं ते चर्चमध्ये. गावचं मुख्य चर्च वेगळं आणि पाद्र्यांच्या एकेका पंथाचं वेगळं : जेझुइटांचं वेगळं, फ्रान्सिस्कनांचं, डॉमिनिकनांचं, ऑगस्टिनियनांचं वेगळं आणि दानधर्म पाहणाऱ्या मिझेरिकॉर्दियाचं आणखी वेगळं. तटाच्या आतल्या एवढ्याशा जागेत इतकी. आज वसई किल्ल्यात पाहण्यासारखं जे उरलंय त्यात निम्म्याहून जास्त हेच आहे. ते वगळून किल्ला पाहिला असं म्हणता येत नाही.

तुमच्यातला कुणीतरी आता म्हणेल, आणि मला तोंडावर म्हटलेलंही आहे, की त्यांनी आमची देवळं पाडली, त्यांच्या चर्चचं कौतुक आम्ही का करायचं? प्रश्न रास्त आहे, त्याला बगल देत नाही. देवळं पाडली हे खरंच आहे. वसईजवळचं निर्मळचं तीर्थक्षेत्र उद्ध्वस्त झालं होतं. सण-समारंभांवर बंद्या होत्या, मुलं बाटवली जात होती, आणि त्याच छळाला कंटाळून अणजूरकरांसारखी माणसं पेशव्यांच्या दारात गेली. १७३७ मध्ये ठाणे आणि साष्टी, १७३९ मध्ये तारापूर आणि मग वसई, अशी ती मोहीम झाली. निर्मळची पुन्हा उभारणी मराठ्यांचे सुभेदार शंकराजी केशव यांनी केली ती वसई हाती आल्यावर. यातलं काहीही झाकायचं कारण नाही. चर्चच्या दारात उभं राहूनच हे सगळं सांगा. देवळाचे दगड पडले तेव्हा हे चिरे चढत होते, हे ज्याला भिंतीसमोर सांगितलं जातं त्याला १७३९ कळतं. नुसत्या पुतळ्यापाशी घोषणा देऊन ते कळत नाही.

कौतुक करा असं मी म्हणतच नाही. बघा, एवढंच म्हणतोय.

आणि ज्यांच्या नावाने तुम्ही येता त्या चिमाजीअप्पांचं वागणं काय होतं? सुरुंग लावून सेबास्टियन बुरुज फोडला, खिंडारात माणसांचा खच पडला. मराठ्यांची माणसं फार गेली. १६ मे १७३९ ला कप्तान काएतानो द सौझा परेराने तहावर सही केली. एवढी किंमत मोजून मिळालेल्या किल्ल्यात जेत्याने काय केलं असतं तर चाललं असतं! पण शिबंदीला हत्यारांसह, निशाणं फडकवत, नगारे वाजवत जाऊ दिलं. बायका-मुलं, जंगम मालमत्ता नेऊ दिली. जे ख्रिस्ती रयत म्हणून मागे राहतील त्यांना त्यांचा धर्म पाळायची मोकळीक दिली. आठवड्याभरात पोर्तुगीज गलबतांत बसून निघाले आणि २३ मे रोजी किल्ला रिकामा झाला. वसईच्या पंचक्रोशीत सांडोर, पापडी, आगाशी, माणिकपूर इथली त्याच काळातली चर्च आज भरलेली असतात. तिथली मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, मराठीत होते. त्यामागे तहातलं ते कलम आहे. ख्रिस्ती वसईने मराठी साहित्य संमेलनाला अध्यक्ष दिला, फादर फ्रान्सिस दिब्रिटो, २०२० साली उस्मानाबादला. तेही याच पट्ट्यातले, नंदाखालचे.

म्हणजे किल्ल्यातल्या चर्चवर कुणी राग काढायचाच तर तो अप्पांनी काढायचा होता. तुम्ही-आम्ही कोण?

घंटा मात्र त्यांनी सोडल्या नाहीत, आणि इथेच तुमच्याशी बोलायला मला खरा हुरूप येतो. भीमाशंकरला तुम्ही दर पावसाळ्यात जाता. देवळासमोर टांगलेल्या त्या अवजड घंटेखाली सेल्फी काढता आणि "ही वसईच्या लुटीतली" असं एकमेकांना सांगता. मेणवलीच्या घाटावर नाना फडणवीसांच्या वाड्यामागे तशीच घंटा आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरिया आहे आणि १७०७ साल आहे. पालीच्या बल्लाळेश्वराला एक आहे. नाशिकला रामेश्वराच्या देवळावरची नारोशंकराची घंटा तर आपल्या बोलण्यातच रुळली, मोठ्या आवाजाच्या माणसाला आपण सर्रास ते नाव देतो. गोदावरीचा पूर तिच्यापर्यंत चढला की अख्ख्या शहराच्या काळजात धस्स होतं.

या सगळ्या घंटा वसई-साष्टीच्या मोहिमेतून घाटावर गेल्या. कुठून गेल्या? अशाच एखाद्या मनोऱ्यातून. वसईत बंदर दरवाज्याजवळ मुख्य चर्च आहे, सेंट जोसेफचं. त्याचा मनोरा अजून शाबूत आहे, आतून दगडी गोल जिना वर गेलाय. एका वेळी एकच माणूस चढेल इतका अरुंद, पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. वरच्या टप्प्यावरच्या कमानी चारी बाजूंनी उघड्या आहेत. त्या उघड्या ठेवल्या होत्या घंटेसाठी, आवाज दूर जावा म्हणून. भीमाशंकरच्या घंटेखाली वीस फोटो काढणारा माणूस वसईच्या मनोऱ्याखाली येऊन मान वर करून त्या रिकाम्या कमानी बघत नाही, याला काय म्हणावं? अर्धी गोष्ट तुम्हाला पाठ आहे, उरलेली अर्धी इथे उभी आहे.

(जिना चढायचा मोह होतो हे मान्य. पावसाळ्यात तो शेवाळाने निसरडा होतो, आणि एका वेळी पंधरा जणांनी चढण्याइतका तो कधीच नव्हता. खालूनच बघा.)

याच चर्चच्या दर्शनी दरवाज्यावर लेख आहे. १६०१ साली, गोव्याचा आर्चबिशप आलेशो द मेनेझेस याच्या कारकिर्दीत हे चर्च दुरुस्त केलं, असं त्यात लिहिलंय. मूळ चर्च त्याच्याही अर्धशतक आधीचं. म्हणजे आपण ज्याला संवर्धन म्हणतो ते या इमारतीचं एकदा सव्वाचारशे वर्षांपूर्वीच होऊन गेलंय.

आता पडझडीबद्दल. पोरांना सांगितलं जातं की मराठ्यांनी तोफांनी चर्च पाडली. हे सांगताना सांगणाऱ्याची छाती फुगते, पण तसं झालेलं नाही. मारा तटावर होता आणि खिंडार बुरुजाला पडलं. चर्चना आधीही धक्के बसले होतेच. १६१८ च्या मे महिन्यात वादळाने वसईची दाणादाण उडवली, १६७४ मध्ये मस्कतच्या अरबांनी येऊन तटाबाहेरची चर्च लुटली. पण आज दिसते ती दशा झाली ती माणसं निघून गेल्यामुळे. हे समजायला चर्चमध्ये उभं राहून वर बघावं लागतं. लोक जिथे बसत त्या लांबलचक दालनाला दगडी छत नव्हतंच. लाकडी आढं, वर कौलं. भिंतींच्या माथ्याजवळ तुळया जिथे बसत त्या खोबणी दिसतात. वेदीच्या वरचं छत मात्र दगडी, कमानीचं. वस्ती उठली, कौलं शाकारायला कुणी राहिलं नाही, लाकूड कुजलं, उरलेलं लोकांनी नेलं. दालन उघडं पडलं, वेदीची कमान तेवढी राहिली. पुढे इंग्रजांच्या काळात किल्ल्यात साखर करायचा उद्योगसुद्धा झाला. वडा-पिंपळाने बाकीचं केलं. आपल्या गावोगावच्या ओस पडलेल्या वाड्यांची कहाणी याहून काय निराळी आहे?

फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये जरा वेळ काढा, हे मी हट्टाने सांगतो. आत पाऊल टाकलं की आधी काही कळत नाही. पायाखाली फरसबंदी आहे असं वाटतं. मग लक्षात येतं की प्रत्येक फरशी म्हणजे एकेक थडगं आहे. काळ्या दगडाच्या आडव्या शिळा, एकीला लागून दुसरी, भिंतीपासून भिंतीपर्यंत. काहींवर कुळाची ढाल कोरलेली, वर शिरस्त्राण. एखाद्या शिळेवर कवटी आणि खाली फुलीसारखी दोन हाडं. अक्षरं रोमन, शब्द जोडून कोरलेले, जागा पुरली नाही म्हणून मध्येच तोडलेले. मजकूर बहुतेक ठिकाणी एकाच धाटणीचा : ही कबर अमक्याची, त्याच्या बायकोची आणि वारसांची. वारसांची सोयही आधीच करून ठेवलेली! त्या वारसांना १७३९ मध्ये गलबतात बसावं लागलं आणि ती जागा तशीच राहिली. माणसाने केलेले बेत कसे फसतात, याचा इतका रोखठोक पुरावा मी दुसरीकडे पाहिला नाही.

मूळचे गोव्याचे आणि मुंबईत डॉक्टरकी करणारे जोझे जेर्सन द कुन्हा यांनी दीडशे वर्षांपूर्वी इथे हिंडून या शिळांवरचे लेख उतरवून घेतले आणि १८७६ साली छापले. त्यांना जे वाचता आलं ते आज बऱ्याच शिळांवर वाचता येत नाही. कारण आपण त्यांच्यावरून चालतो. लग्नाआधीच्या फोटोशूटवाल्यांचे ट्रायपॉड त्यांच्यावर रोवले जातात. धुराच्या नळकांड्या त्यांच्यावर फुटतात, गुलाबी-निळे डाग उरतात. त्या मंडळींवर मी वेगळं लिहीन, तो राग आत्ता इथे काढत नाही. पण तुमच्या मोहिमेतली पोरंही जेवणाचे डबे त्याच शिळांवर उघडून बसलेली मी पाहिली आहेत, गोल करून, मधे लोणच्याची बरणी. समाधीच्या चौथऱ्यावर ती कधी अशी बसली नसती. सांगितलं तर लगेच उठली, सॉरी काकाही म्हणाली. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

श्रमदानाबद्दल लिहायचं तर शब्द जपून वापरावे लागतात, कारण घाम गाळणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. सुट्टीच्या दिवशी घरी लोळायचं सोडून कुणी प्लास्टिक वेचायला येत असेल तर त्याला नावं ठेवणारा मी कोण. पण एका हिवाळ्यात एका मंडळाने, नाव घेत नाही, एका चर्चच्या आवारात पडलेले घडीव दगड उचलून कडेला नीट रचून ठेवले. चांगला कट्टा झाला. वर बसून त्यांनी फोटोही काढले. त्या दगडांत कमानीचे पाचरीसारखे दगड होते, एका खांबाचा पानाफुलांचा माथा होता. ते जिथे पडले होते तिथे पडलेले असणं हाच त्यांचा पत्ता होता. कोणता दगड कोणत्या कमानीतून कोणत्या बाजूला निखळला, हे तज्ज्ञ त्याच्या जागेवरून ठरवतो. कट्टा रचला की हा पत्ता पुसला गेला. आता ती कमान कुणी पुन्हा बसवायची म्हटली तरी अंदाजपंचे.

हे मी उगाच ताणत नाही. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिनचा मनोरा तुमच्यातल्या बहुतेकांनी पाहिला असेल, शेहेचाळीस मीटर उंचीचा, एका बाजूने चिरलेला. १८४२ मध्ये त्या चर्चचं छत कोसळलं आणि आत ढिगाऱ्याचा डोंगर झाला. त्या ढिगाऱ्यात जॉर्जिया देशाची राणी केतेवान हिचे अवशेष असले पाहिजेत, हे जुन्या कागदांवरून माहीत होतं. ती १६२४ मध्ये इराणात शिराझला धर्म सोडत नाही म्हणून हाल करून मारली गेली, आणि ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थींचा काही भाग गोव्यात आणला. कागदांत जागेची खूण होती : मठातल्या एका चॅपेलमध्ये (छोट्या प्रार्थनागृहात), खिडकीजवळ. पुरातत्त्व खात्याने वर्षानुवर्षं ढिगारा पद्धतशीर उपसला, कोणती भिंत कोणत्या चॅपेलची ते नक्की केलं, आणि २००५ च्या सुमारास त्या खिडकीपाशी हाड सापडलं. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने त्याची डीएनए तपासणी केली, आणि २०२१ मध्ये भारत सरकारने त्यातला अवशेष जॉर्जियाला समारंभाने दिला. तिथे ती संत आहे, तिच्यासाठी लोक रस्त्यावर आले. आता कल्पना करा, दहा-वीस वर्षं आधी उत्साही पोरांची एक तुकडी तिथे गेली असती, ढिगारा साफ करून दगडांचा कट्टा रचला असता आणि चहा पिऊन परतली असती.

झाडांचंही तसंच. भिंतीतून पिंपळ आलेला दिसला की कोयता चालवायची घाई होते. वरून फांदी तोडली की मूळ आत राहतं, पुन्हा फुटतं, जास्त जोमाने फुटतं. मूळ उपटायला गेलात तर भिंतीचा अर्धा चिरा हातात येतो. त्याला औषध घालून मुळासकट मारायचं, मग पोकळी चुन्याने भरायची, हे माहीतगाराचं काम. आणि चुना म्हणजे चुनाच. सिमेंटचं पोतं घेऊन कुणी "आम्ही ही फट बुजवून देतो" म्हणून आलं तर त्याला तिथूनच परत पाठवा. जुन्या भिंतीतलं पाणी चुन्यातून बाहेर पडतं, सिमेंटमागे ते कोंडतं आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत दगडाचे पापुद्रे निघायला लागतात. किल्ल्यांवर काम करणाऱ्या तुमच्यातल्या जुन्या जाणत्यांना हे ठाऊक आहे. नव्यांना ते शिकवायला हवं.

कायद्याचा भाग थोडक्यात. वसई किल्ला केंद्राच्या संरक्षित स्मारकांत आहे, चर्चसकट. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या मुंबई मंडळाची लेखी परवानगी असल्याशिवाय तिथे श्रमदान करता येत नाही, दगड हलवणं तर दूरच. स्मारकाला इजा केली, त्यावर लिहिलं-खरडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. देवळाच्या भिंतीला एक आणि चर्चच्या भिंतीला दुसरा, असा कायदा नाही. चर्चच्या कमानीवर चढून झेंडा लावून फोटो काढणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं. मराठ्यांचं निशाण बुरुजावर चढलं होतं, वेदीवर नाही. लावायचंच असेल तर त्याच बुरुजावर लावा, आणि तेही रीतसर परवानगी काढून.

तुमच्याकडून मला हवंय ते फार नाही. तुमच्या माहितीपत्रकात चर्चसाठी पानभर जागा द्या आणि प्रत्येकाला त्याच्या नावाने ओळखा. "पोर्तुगीज चर्च" हे काही नाव झालं नाही. जेझुइटांच्या चर्चपाशी थांबाल तेव्हा गोन्सालो गार्सियाबद्दल सांगा. पोरांना हा माणूस आवडेल. बाप पोर्तुगीज शिपाई, आई इथलीच, कोकणातली. जन्म वसईत, शिक्षण याच किल्ल्यात जेझुइटांकडे. पंधराएक वर्षांचा असताना जपानला गेला, भाषा शिकला, व्यापार केला, मग मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन झाला. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत आणखी पंचवीस जणांबरोबर त्याला क्रुसावर चढवलं. १८६२ मध्ये रोमने त्याला संत ठरवलं, भारतात जन्मलेला पहिला. वसईच्या गल्लीतला पोरगा नागासाकीपर्यंत गेला, तेही सोळाव्या शतकात! तटाची लांबी किती आणि बुरुज किती हे घोकण्यापेक्षा हे चटकन लक्षात राहतं.

आणि चिरे घडवणाऱ्यांबद्दल सांगा. नकाशे लिस्बन-गोव्याहून आले असतील, टाकीचे घाव इथल्या पाथरवटांचे आहेत. वसईचा काळा दगड जहाजात भरून गोव्याला जायचा. जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस चर्चच्या दर्शनी भिंतीवरचं कोरीव काम ज्या दगडात आहे तो इथून गेलाय. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमधली एखादी कमान जवळून बघा, सांध्यात पत्ता सरकणार नाही. कुणाचा आजा-पणजा राबला असेल त्याच्यावर? मजुरी मिळाली असेल का वेठ असेल? हे प्रश्न पोरांना पडले तर फेरी कारणी लागली असं मी समजेन.

रेवदंड्याला गेलात तर सातखणी मनोऱ्यापाशी, बोरिवलीत मंडपेश्वराच्या लेण्यावरच्या पडक्या मठापाशी आणि मरोळला सीप्झच्या (निर्यात उद्योगांच्या बंदिस्त वसाहतीच्या) आत झाडीत बुडालेल्या सेंट जॉनच्या चर्चपाशीही हीच विनंती लागू. सीप्झमध्ये एरवी सोडत नाहीत. वर्षातून एकदा, मे महिन्यात, सणाला मिस्सा असते तेव्हा जाता येतं.

आमच्याकडे यायचं तर रविवार टाळा. फोटोवाल्यांची झुंबड असते आणि त्यांच्या स्पीकरपुढे तुमचा आवाज पोचणार नाही. शनिवारी सकाळी सातला या. नोव्हेंबरच्या आधी नको, गवत कमरेएवढं असतं, त्यात उघड्या विहिरी आहेत आणि फुरशीही. वसई रोड स्टेशनहून किल्ल्यासाठी बस मिळते, रिक्षाही मिळतात. आत प्यायच्या पाण्याचा भरवसा धरू नका, बाटल्या भरून आणा. जेवण बंदराच्या बाजूला झाडाखाली करा, तिथे सावली चांगली आहे. फेरीत चर्चसाठी दोन तास धरा, त्याहून कमीत होत नाही. माहिती सांगायला माणूस हवा असेल तर बंदराजवळच्या चहाच्या टपरीवर विचारा. कोळीवाड्यातल्या दोघा-तिघांना किल्ला तोंडपाठ आहे, आणि तेही नसले तर सकाळी मी तिथेच असतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वसईकर